नाकाला मास्क, आणि डोळ्यांना?

हवा खराब झाली की आपण मास्क शोधतो, सकाळचं फिरणं बंद करतो, म्हाताऱ्यांना घरात बसवतो. सगळी काळजी श्वासाची. डोळे मात्र त्याच हवेत दिवसभर उघडे असतात, आणि त्यांच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मला याचा खरंच राग येतो.

दोन वर्षं माझे डोळे संध्याकाळी चुरचुरायचे, लाल व्हायचे. वाचताना अक्षरं पुसट व्हायची, पापणी मिटून उघडली की पुन्हा नीट दिसायची. मी मोबाइलला दोष देत राहिले.

बुबुळावर अश्रूंचा एक थर असतो, जेमतेम दोन ते पाच मायक्रॉन जाडीचा. हवेतले पीएम २.५ कण म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनही बारीक धूळ. म्हणजे मोठा कण जवळजवळ त्या थराइतकाच! पारदर्शक बुबुळात रक्तवाहिन्या नसतात, ते प्राणवायू या अश्रूंतूनच घेतं. धुरातले वायूही त्यातच विरघळतात. वरचा तेलकट पापुद्रा बिघडला की अश्रू लवकर उडतात, डोळा कोरडा पडतो, नजर धूसर होते. गंमत नाही, पण कोरडा डोळा उलट जास्त पाणी गाळतो, म्हणून आपल्याला तो कोरडा वाटतच नाही.

आणि हे वरवरच थांबत नसावं. ब्रिटनमधल्या १ लाख १५ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथे पीएम २.५ जास्त, तिथल्या लोकांमध्ये वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजण्याचा आजार जास्त आढळला. यावरून कारण सिद्ध होत नाही, हे मान्य. पण गेलेली मधली नजर सहसा परत येत नाही, तेव्हा पुराव्याची वाट बघत बसणं मला पटत नाही.

माझी चूक वेगळीच होती. घरात उरलेले थेंब मी घालत राहिले, कारण लाली तासाभरात जायची. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली आणि विचारलं, "हे किती दिवस घालताय?" त्यात स्टिरॉइड होतं. ते फार काळ घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. माझा दाब वाढायला लागलाच होता. थेंब बंद केल्यावर तो उतरला.

हवेच्या इशाऱ्यात डोळ्यांसाठीही दोन ओळी हव्यात: आज कॉन्टॅक्ट लेन्स नको, डोळे चोळू नका, बाजूने झाकणारा चष्मा लावा, डॉक्टरांना न विचारता थेंब घालू नका.