मशीनने रुपये विचारले तर ‘नको’ म्हणा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. ‘परदेशात कार्डाचे चार्जेस वाचवा’: दुकानातल्या कार्ड मशीनवर भारतीय रुपये निवडा, फॉरेक्स कार्डाला (आधीच परदेशी चलन भरून न्यायचं कार्ड) काहीच खर्च नाही, क्रेडिट कार्डावर २० टक्के टॅक्स कापतात, रोख लागली तर सरळ एटीएम गाठा. चार सल्ले, आणि पहिलाच खिशाला सगळ्यात जास्त चाट लावणारा.

समजा, बँकॉकच्या हॉटेलात ४,००० बाथ बिल झालं आणि बाथचा दर अडीच रुपये आहे. म्हणजे १०,००० रुपये. बाथमध्येच पैसे दिले तर व्हिसा-मास्टरकार्डच्या दराने हिशेब होतो आणि वर आपली बँक मार्कअप, म्हणजे चलन बदलण्याची टक्केवारी, लावते. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले १०,४१३.

आता रुपये निवडा. दर ठरवणार दुकानदाराची बँक किंवा मधली कंपनी, आणि तिचा नफा त्या दरातच मुरलेला. तिने बाथ २.६५ ने लावला की जागच्या जागी १०,६००. यात बहुतेकदा दुकानदारालाही वाटा मिळतो, म्हणून तर तो इतक्या प्रेमाने ‘इंडियन रुपीज, सर?’ विचारतो. मेसेजवाल्याचं म्हणणं, रुपयांत घेतलं की आपल्या बँकेचा मार्कअप टळतो. गोम इथेच आहे. व्यापारी परदेशातला असेल तर रुपयांतल्या व्यवहारावरही आपल्या अनेक बँका टक्काभर फी आणि त्यावर जीएसटी घेतात. १०,६०० चे जवळपास १०,७२५. शून्य मार्कअपचं कार्ड मुद्दाम काढलेल्याने रुपये निवडले, तर ते कार्ड काढून उपयोग काय?

फॉरेक्स कार्डाचं अर्धं खरं. भरलेल्या चलनातच खर्च केला तर मार्कअप नाही. पण कार्ड भरतानाच्या दरात बँकेने आपला फरक धरलेला असतो, डॉलर भरून थायलंडला गेलात तर डॉलरचे बाथ करण्याचा क्रॉस करन्सी मार्कअप लागतो, आणि उरलेले डॉलर परत देताना दर पुन्हा पडता. पंधरा दिवस फक्त युरोत खर्च असेल तर मीही तेच कार्ड नेईन.

२० टक्के टॅक्स? मे २०२३ मध्ये तसा नियम आला होता; जूनअखेर सरकारने तो पुढे ढकलला, तो अजून तसाच लटकलेला आहे. गंमत म्हणजे मेसेज ज्याची भलामण करतो ते फॉरेक्स कार्डच एलआरएसमध्ये, म्हणजे परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, मोजलं जातं. तिथेही एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर गेलं तरच टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच कापून घेतलेला टॅक्स, आणि तो रिटर्न भरताना वळता होतो. पटायात दहा लाख उडवणारा माणूस आमच्या ग्रुपवर तरी नाही.

राहिलं एटीएम. थायलंडमध्ये परदेशी कार्डावर दर खेपेला २२० बाथ किंवा त्याहून जास्त जातात, मग हजार काढा नाहीतर दहा हजार. म्हणून एकदाच काय ते काढा, आणि डेबिट कार्डानेच. क्रेडिट कार्डाने काढले तर फी वेगळी आणि व्याज त्याच दिवसापासून. इथेही स्क्रीन रुपयांतला दर दाखवून मंजूर का विचारते. ‘नको’ दाबलं तर पैसेच येणार नाहीत, अशी धास्ती वाटते. बिनधास्त दाबा, नोटा येतात.