पॉम्पेई सोडा असं मी का लिहिलं

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी त्यातला प्रश्न खरा आहे, म्हणून दोन ओळींत आटपत नाही.

तुमचं म्हणणं आधी मांडते. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर बोट बंदराला लागली की लांबच्या नामांकित ठिकाणी धावू नका, धक्क्याजवळचं काहीतरी नीट बघा, असं मी लिहिलं होतं. नेपल्सला उतरून पॉम्पेई (व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं रोमन शहर) नको, लिव्होर्नोला उतरून फ्लॉरेन्स नको. त्यावर तुम्ही म्हणता, "हे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाचं दर्शन न घेता चंद्रभागेत पाय बुडवून परतणं. तुम्हाला युरोप पुन्हा पुन्हा जमत असेल, आमचे आई-बाबा आयुष्यात एकदाच जाणार. लाखो रुपये मोजून त्यांना लिव्होर्नोचा बाजार दाखवायचा का?" त्याच प्रतिक्रियेत असंही आहे की बाबा पंचाहत्तरीचे आहेत, आईचा गुडघा दुखतो, आणि ऑक्टोबरातल्या तुमच्या बोटीची बंदरं आहेत सिव्हितावेक्किया, लिव्होर्नो, मार्सेलिस, नेपल्स आणि मेसिना.

पंढरपूरचाच दाखला घेऊ. आषाढीला येणाऱ्या प्रत्येक वारकऱ्याला गाभाऱ्यात जाऊन विठोबाच्या पायावर डोकं ठेवता येत नाही. दर्शनबारी कुठवर गेलीय ते बघून कितीतरी जण मुखदर्शन घेतात. तेही जमलं नाही तर नामदेव पायरीला माथा टेकतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि समाधानाने एसटीत बसतात. वारी फुकट गेली असं त्यांतलं कोणी म्हणत नाही. वेळ किती आहे, पायांत बळ किती आहे, हे बघून दर्शन कसं घ्यायचं ते ठरवायचं, ही आपली जुनी रीत आहे. मी वेगळं काही सांगितलेलं नाही.

आता वेळेचा हिशोब. माहितीपत्रकात "लिव्होर्नो, सकाळी ८ ते संध्याकाळी ६" असं असतं आणि आपण मनात दहा तास धरतो. पण आठ ही बोट लागण्याची वेळ. परवानगी मिळून, रांगेने उतरून, बसमध्ये माणसं मोजून होईस्तोवर नऊ वाजतात. फ्लॉरेन्स जवळजवळ ९० किलोमीटर, म्हणजे बसने दीड तास. मोठ्या बसना शहराच्या जुन्या भागात सोडत नाहीत, म्हणून तिथून डुओमोपर्यंत, म्हणजे तिथल्या मुख्य कॅथेड्रलपर्यंत, पायी. सव्वाअकरा झाले. संध्याकाळी सहाला बोट सुटणार म्हणजे साडेपाचला, कधी त्याच्याही आधी, सगळे आत हवेत. त्यासाठी फ्लॉरेन्समधून साडेतीनला निघावंच लागतं. उरले सव्वाचार तास. त्यातून जेवण, स्वच्छतागृहाची रांग आणि हरवलेल्या दोघांसाठी थांबणं वजा करा. उफित्झी संग्रहालयाला निवांत बघायचं तर तीन तास लागतात, त्यामुळे एकदिवसाच्या सहलीत ते बहुधा नसतंच. डुओमो बाहेरून, पोन्ते वेक्किओ हा जुना पूल लांबून, आणि सिन्योरिया चौकातला मिकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा. तो डेव्हिडही प्रतिकृती आहे. मूळ पुतळा 1873 सालीच तिथून हलवला, तो आता अकादेमिया संग्रहालयात आहे. आईचा गुडघा या सगळ्यात दगडी फरसबंदीवरून चालत असतो.

हे एकदाच बघायचं आहे म्हणूनच असं बघू नये, असं मला मनापासून वाटतं. एकदाच होणारी गोष्ट घाईत उरकायची आणि पुढे आयुष्यभर "फ्लॉरेन्स झालं" म्हणायचं, याने ना फ्लॉरेन्स हाती लागतं ना तो दिवस.

आणि ज्या लिव्होर्नोवर तुम्ही फुली मारलीत ते काही नुसतं बसस्टँड नाही. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याने हे बंदर वसवलं आणि 1590 च्या दशकात फर्मान काढून ज्यू, आर्मेनियन, ग्रीक, तुर्क, कुठल्याही धर्माच्या व्यापाऱ्यांना इथे येऊन राहायचं आमंत्रण दिलं. युरोपात इतर अनेक ठिकाणी ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडत होते त्या काळात इथे त्यांना शहरात मोकळेपणी राहता येत होतं. कालव्यांवर उभा असलेला व्हेनेत्सिया नुओव्हा भाग, जुना किल्ला, समुद्राकाठची काळ्यापांढऱ्या चौकटींची मास्कान्यी गच्ची, सगळं एका सकाळीत आरामात होतं. व्यापारी बंदरातून पायी बाहेर जाऊ देत नाहीत, शटल बस घ्यावी लागते, पण ती थेट गावाच्या मध्यावर सोडते. बाजाराबद्दल तुम्ही जरा तुच्छतेने लिहिलंत. एकोणिसाव्या शतकातली ही उंच छताची बाजारपेठ मला इटलीतल्या कित्येक चर्चपेक्षा जास्त आवडते. तिच्या आसपास हरभऱ्याच्या पिठाचा एक पदार्थ मिळतो. पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ एवढंच. मोठ्या थाळ्यात पातळ ओतून भट्टीत भाजतात, वर मिरपूड भुरभुरतात आणि पावात घालून देतात. पूर्ण शाकाहारी. बोटीवरच्या पास्त्याला कंटाळलेल्या ज्येष्ठांचे चेहरे तो खाताना बघा.

नेपल्सबद्दल तुमचा राग सगळ्यात जास्त आहे, आणि माझ्याकडे सांगण्यासारखंही तिथलंच सगळ्यात जास्त आहे.

पॉम्पेई थोर आहे, यात वाद नाही. पण ते 66 हेक्टरांचं शहर आहे, त्याचा दोन-तृतीयांश भाग उकरलेला. सावली नावालाच. रस्ते लाव्हाच्या मोठ्या दगडांचे, त्यांत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या, आणि रस्ता ओलांडायला मध्येच उंच ठोकळे. तरुण पायांना मजा वाटते. दुखऱ्या गुडघ्याला प्रत्येक ठोकळा ही परीक्षा. शिवाय नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांनाच आत सोडतात आणि तिकीट नावानिशी काढावं लागतं. आयत्या वेळी जाऊन बघू, हे आता खरं नाही.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकात कोणी सांगत नाही: पॉम्पेईच्या घरांत जे सापडलं त्यातलं उत्तमोत्तम पॉम्पेईत नाहीच. भिंतीवरची चित्रं, मोझाइक, चांदीची भांडी, शल्यचिकित्सेची हत्यारं, इसवीसन 79 मध्ये कोळसा होऊन तसाच राहिलेला गोल पाव, त्यावरच्या फाकांच्या खुणांसकट. हे सगळं नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. बोट थेट शहराच्या उंबऱ्यात लागते, समोर किल्ला. रस्ता ओलांडला की म्युनिचिपिओ मेट्रो स्टेशन, तिथून तिसरं स्टेशन म्युझियो. त्या मेट्रोसाठी खोदताना रोमन काळातलं बंदर आणि त्या काळच्या लाकडी बोटी सापडल्या. म्हणजे तुम्ही धक्क्यावरून स्टेशनात उतरता तेव्हाच दोन हजार वर्षांच्या धक्क्यावर उभे असता.

त्या संग्रहालयात वीतभर उंचीची एक हस्तिदंती मूर्ती आहे. 1938 साली पॉम्पेईच्या एका घरात ती सापडली. तिला लक्ष्मी म्हणायची पद्धत पडली. यक्षी असावी, असं पुढे बऱ्याच अभ्यासकांनी म्हटलं. अंगावर वस्त्र नाही, पण दागिने बघत राहावे असे: कंबरपट्टा, हातात कोपरापर्यंत बांगड्यांची चळत, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे. दोन्ही बाजूंना छोट्या दासी, शृंगाराची पेटी घेतलेल्या. डोक्याच्या मधोमध एक उभं भोक आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या चौरंगाचा पाय असावी असं मानतात. बैठकीवर खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीतलं अक्षर कोरलेलं आहे. आणि तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती कुठे सापडल्या? जालना जिल्ह्यात भोकरदनला आणि धाराशिव जिल्ह्यात तेरला. ही मूर्ती भोकरदनच्या बाजूला घडली असावी, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. सातवाहनांच्या मुलखातून घाट उतरून कोकणातल्या एखाद्या बंदरात, तिथून मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रात, मग इजिप्तमार्गे भूमध्यात आणि व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी. हा व्यापार दोन्ही बाजूंनी होता: कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आजही आहे.

माझ्या सासूबाई त्या काचेपुढे वाकून उभ्या राहिल्या. इतिहास वगैरे मी सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "अगं, हिच्या पायांतलं बघ, केवढं जड असेल!" मग बाजूच्या बाकावर बसल्या, पुन्हा उठून गेल्या, पुन्हा बघितलं. कोणी घड्याळ दाखवत नव्हतं, शिट्टी वाजवत नव्हतं. पॉम्पेईच्या सहलीत ही मोकळीक मिळत नाही. एक मात्र आधीच सांगून ठेवते: आम्ही गेलो तेव्हा ही मूर्ती 'गुप्त दालन' नावाच्या भागात होती आणि त्या दालनात पॉम्पेईतली उघड शृंगारिक चित्रं आणि वस्तू आहेत. आई-बाबांना आत नेण्याआधी कल्पना द्या.

मार्सेलिसबद्दल थोडक्यात. सहलीच्या बस तिथून आविन्यों शहर वगैरेकडे निघतात, जवळपास शंभर किलोमीटर. मराठी माणसाला ते बंदर 8 जुलै 1910 या तारखेमुळे ठाऊक असतं. सावरकरांनी मोरिया बोटीतून उडी घेतली, आणि त्यावरून फ्रान्स व ब्रिटनमधला वाद हेगच्या लवादापर्यंत गेला. बाबांना बोट बंदरात शिरायच्या वेळी उठवून डेकवर न्या. पुढे जुन्या बंदरापर्यंत शटल आणि टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्ड चर्चला टॅक्सी, एवढं पुरे. बोटींचं टर्मिनल शहरापासून बरंच लांब आहे, तिथून चालत जायचा विचार करू नका.

तुमच्या एका मुद्द्याला माझा पूर्ण होकार आहे: रोम. सिव्हितावेक्किया रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर. तेवढ्या जवळ येऊन रोम न बघता परतायला मी कोणालाच सांगणार नाही, आणि तसं लिहिलेलंही नाही. पण रोमला जाऊन कोलोसियम, ट्रेव्हीचं कारंजं, व्हॅटिकन सगळं करायचा अट्टहास नको. रोमकडे जाणारी साधी प्रादेशिक गाडी तेर्मिनी या मुख्य स्टेशनच्या आधी रोमा सान पिएत्रो स्टेशनला थांबते. तिथे उतरलं की सेंट पीटर्सचा चौक पंधरा मिनिटांच्या चालीवर. बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या भव्य चर्चमध्ये, जायला तिकीट नाही, फक्त तपासणीची रांग आहे. आत शिरताच उजव्या हाताला मिकेलँजेलोची पिएता, म्हणजे मेरीच्या मांडीवर मृत येशू असलेलं शिल्प. मग चौकात निवांत बसायचं, कॉफी घ्यायची आणि परतीची गाडी. बुधवारी सकाळी पोप दर्शन देतात तेव्हा बॅसिलिका बंद असते, तेवढं तारखेशी जुळवून बघा. स्वतः जायची धाकधूक वाटत असेल तर रोमपुरती बोटीचीच सहल घ्या. महाग पडते, पण त्यांची बस अडकली तर बोट थांबते. आपण स्वतः उशिरा पोहोचलो तर थांबत नाही.

"लाखो रुपये" हा मुद्दा उरला. तुमचा राग माझ्यावर निघाला, पण तो जाहिरातींवर निघायला हवा. "रोम, फ्लॉरेन्स, नेपल्स" असं मोठ्या अक्षरांत छापतात आणि बोट जिथे लागते त्या गावाचं नाव बारीक अक्षरांत. व्हेनिसचंही तसंच. ऑगस्ट 2021 पासून मोठ्या बोटींना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे "व्हेनिस" म्हणून विकलेल्या कित्येक क्रूझ राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते या दुसऱ्या बंदरांहून सुटतात. ज्यांच्या मनात रोम आणि फ्लॉरेन्सच आहे त्यांनी क्रूझ घेऊच नये. रेल्वेने जावं, दोन्हीकडे मुक्काम करावा. क्रूझची गंमत वेगळी: सामान एकदाच उघडायचं, रोज सकाळी खिडकीत नवं बंदर, आणि संध्याकाळी गुडघ्याला आराम. ज्येष्ठांसाठी हे मोठं सुख आहे. ते सुख विकत घेऊन दिवसाचे कितीतरी तास बसमध्ये घालवायचे, हे मला पटत नाही.

तुमचं तिकीट काढून झालंय, तेव्हा मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहिते. रोमला वर सांगितल्याप्रमाणे. लिव्होर्नोला गाव आणि दुपारी बोटीवर झोप. फ्लॉरेन्स हवंच असेल तर तुम्ही एकटे जा, आई-बाबांना गावात सोडा. मेसिनाला ताओर्मिना या डोंगरावरच्या गावाच्या चढणीकडे न जाता कॅथेड्रलपुढे बारा वाजता हजर राहा, धक्क्यापासून दहा मिनिटांवर आहे. 1908 च्या भूकंपानंतर पुन्हा बांधलेल्या तिथल्या घंटाघरात 1933 पासून यांत्रिक घड्याळ आहे. बाराच्या ठोक्याला वर सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो, मूर्ती सरकू लागतात. चौकात बसायला जागा आधी पकडावी लागते, म्हणून साडेअकरालाच पोहोचा.

नेपल्सची तारीख तुम्ही लिहिली नाहीत. तो मंगळवार निघाला तर पुरातत्त्व संग्रहालय बंद असतं. तसं झालं तर पॉम्पेईऐवजी एर्कोलानो बघा, म्हणजे पॉम्पेईसारखंच गाडलं गेलेलं जुनं हर्क्युलेनियम. पॉम्पेईपेक्षा जवळ, आटोपशीर, आणि घरांचे वरचे मजले, जळालेल्या लाकडाच्या तुळया अजून जागेवर आहेत. धक्क्यावरून टॅक्सी करा आणि भाडं बसायच्या आधी ठरवून घ्या. तारीख कळवलीत तर बाकीचं जुळवून देते.