जुनं विमान स्वस्तात पडतं? हिशेब पुन्हा मांडू या

हौशी वैमानिकांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. सत्तरच्या दशकातलं सेसना किंवा पायपर कंपनीचं छोटं विमान चांगल्या मोटारीच्या किमतीत घ्या, इंजिनाचे तास कमी असलेलं बघा, पॅनल, म्हणजे वैमानिकासमोरचा यंत्रांचा फलक, सवडीनं आधुनिक करा. घातलेला पैसा विकताना निघतो आणि तोवर भाड्याच्या विमानापेक्षा स्वस्तात उडता येतं.

एक गोष्ट आधीच मान्य करतो: पन्नास वर्षांच्या विमानाची किंमत जेवढी घसरायची तेवढी कधीच घसरून झालेली असते. नवं विमान घेणाऱ्याला पहिल्या काही वर्षांत बसणारा फटका इथे बसत नाही. बाकीचे दावे मात्र एकेक करून बघायला हवेत.

"मोटारीच्या किमतीत मिळतं." मिळतं, पण स्वस्त झालेलं असतं ते विमान, त्याचे सुटे भाग नव्हेत. जुन्या सेसना 172 साठी सिलिंडर आजच्या दरानंच येतो, आणि मेकॅनिक विमानाचं वय बघून मजुरी कमी करत नाही. उलट जुन्या विमानात गंज आणि भेगा शोधण्यातच त्याचे जास्त तास जातात.

शिवाय नियामकाचा आदेश कधी येईल हे कुणाच्याच हातात नसतं. 2018 मध्ये अमेरिकेत डेटोना बीचजवळ प्रशिक्षणातल्या एका पायपर ॲरोचा पंख हवेतच निखळला आणि आतले दोघंही गेले. पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईला, बोल्टच्या भोकापाशी धातू थकून भेग पडली होती. ते विमान फारसं जुनं नव्हतं, पण प्रशिक्षणात भरपूर वापरलेलं होतं. पुढे एफएएनं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं, त्या घराण्यातल्या अनेक मॉडेलांच्या स्पारची एडी करंट तपासणी (विद्युतप्रवाहानं धातूतल्या भेगा शोधणं) बंधनकारक केली. असा आदेश निघतो तेव्हा विमान ज्याच्या नावावर असेल, बिलही त्याच्याच नावावर येतं.

"इंजिनाचे तास कमी आहेत, म्हणजे इंजिन चांगलं." सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. लायकॉमिंगच्या ओ-320 इंजिनाच्या बहुतेक प्रकारांसाठी कंपनी आपल्या पत्रकात 2,000 तासांनी ओव्हरहॉल (इंजिन पूर्ण उघडून नव्यानं बांधणं) सुचवते, इथवर सगळ्यांना पाठ असतं. त्याच पत्रकात 12 वर्षांची मर्यादाही आहे, तिचं नाव कुणी काढत नाही. खासगी वापरात ती अनेकदा बंधनकारक नसते, पण ती घालण्यामागे कारण आहे. या इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की कॅमवरचं तेल खाली निथळतं, दमट हवेत त्याच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडतात, आणि मग चालू इंजिनात टॅपेट (कॅमवर टेकून झडप ढकलणारा भाग) आणि कॅम एकमेकांना खात सुटतात. तो धातूचा चुरा तेलातून सगळीकडे फिरतो.

म्हणून तीस वर्षांत जेमतेम 600 तास चाललेल्या इंजिनापेक्षा दर आठवड्याला उडणारं 1,500 तासांचं इंजिन मी पसंत करेन. जाहिरातीत 600 चा आकडा ठळक असतो, पण लॉगबुकात बघायचं ते दोन नोंदींमधलं अंतर. ओव्हरहॉलचं अंदाजपत्रक विमान घेण्याआधी मागवा. जुन्या विमानाच्या किमतीशी ते ताडून बघितलं की पुष्कळांचा उत्साह निवतो.

"पॅनल हळूहळू बदलू, पैसे परत मिळतात." प्रमाणित विमानात मनाला येईल ते यंत्र बसवता येत नाही, त्या मॉडेलसाठी मंजुरी असलेलंच लागतं. बसवण्याची मजुरी कित्येकदा यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करते. पॅनल उघडलं की आत कडक झालेल्या वायरी आणि आधीच्या मालकांनी जागीच सोडलेलं जुनं जंजाळ सापडतं. डिजिटल डिस्प्ले घेतला की जुनी यंत्रं हवेच्या ओढीनं चालवणारा व्हॅक्यूम पंप नकोसा होतो, तो काढायचा तर त्यावरची उरलेली यंत्रंही बदलावी लागतात, मग ऑटोपायलट नव्या डिस्प्लेशी जुळत नाही. शेवटी वजन आणि संतुलनाची कागदपत्रं नव्यानं करायची. "हळूहळू" केलंत तर तेच पॅनल तीनदा उघडण्याची मजुरी भरता.

विकताना यातलं काही परत येतं, सगळं नाही. गिऱ्हाईक विमानाला भाव देतं, तुमच्या पावत्यांना नाही. रंग आणि आसनांचं तर बोलायलाच नको.

"भाड्यापेक्षा स्वस्त." हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी मिळून वर्षाचा खर्च हिशेबाच्या सोयीसाठी 100 एकक धरा. वर्षाला 100 तास उडलात तर ताशी 1, 20 तास उडलात तर ताशी 5. त्यावर इंधन, तेल आणि ओव्हरहॉलसाठी बाजूला टाकायची रक्कम वेगळी. कमी उडणाऱ्यानं विमान जरूर घ्यावं, पण काटकसरीचं कारण सांगू नये.

म्हणून माझं मत या सल्ल्याच्या अगदी उलट आहे. जुनं विमान घ्यायचंच तर सगळ्यात स्वस्त घेऊ नका. ज्याच्या मालकानं पॅनल नुकतंच बदललंय, इंजिन नियमित चालवलंय आणि आता काही कारणानं विकतोय, ते घ्या. सुधारणांवर घातलेल्या पैशातला बुडीत हिस्सा त्याचा गेलेला असतो. सौदा ठरण्याआधी सगळी लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचा, शक्य असेल तर एक सिलिंडर उतरवून कॅम बघा, आणि ही तपासणी करणारा मेकॅनिक त्या विमानाची आजवर देखभाल करणारा नसावा.