आडाचे पाणी, सोनखत आणि नव्वदीतले आजोबा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मोबाइलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचे सार असे: साठ-सत्तर वर्षांपूर्वी नळ नव्हता, क्लोरीन नव्हते, संडास घराबाहेर होता, मैल्याचे सोनखत व्हायचे, आडाचे पाणी अमृत होते आणि म्हणून माणसे नव्वदी गाठायची, आजार आले ते नळाच्या औषधी पाण्याने. हे वाचून कोणी परड्यातल्या आडाचे पाणी तसेच प्यायला लागले, तर पहिली झळ घरातल्या लहान मुलांना बसेल. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

“आडाचे पाणी नितळ, म्हणून शुद्ध.” आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी जमीन जांभ्याची आहे. जांभा भोकाभोकांचा दगड. वाळू पाणी गाळते तसा तो गाळत नाही, आले तसे पुढे सोडतो. आषाढ-श्रावणात आडाचे पाणी वर चढते आणि नेमके तेव्हाच ते संडासाच्या खड्ड्याच्या तळाला भिडते. आड आणि शोषखड्डा यांत किमान १५ मीटर अंतर हवे. भिंतीला भिंत लागलेल्या जुन्या गल्ल्यांत आड, न्हाणी आणि संडास एकाच परड्यात असत. तिथे हे अंतर कुठून मिळणार? निवळीच्या बिया उगाळून घातल्या किंवा तुरटी फिरवली की गढूळपणा तळाशी बसतो. पटकीचे (कॉलरा) आणि विषमज्वराचे (टायफॉइड) जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे नितळ पाण्यातही ते असू शकतात.

पायऱ्यांच्या विहिरींची गोष्ट तर याहून वाईट. तिथे नारू होता, म्हणजे माणसाच्या अंगात वाढणाऱ्या दोऱ्यासारख्या किड्याचा रोग. घोट्याजवळ फोड येई, आग आग होई, माणूस गारव्यासाठी पाय पाण्यात सोडी. फोड फुटला की आतली मादी हजारो पिल्ले पाण्यात सोडी. पाण्यातले बारीक किडे त्या पिल्लांना खात, ते किडे कळशीतून आपल्या पोटात जात आणि सुमारे वर्षाने दोन-अडीच फुटांचा दोरा त्याच माणसाच्या पायातून बाहेर येई. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. घाईत तुटला तर पाय सुजून पू धरायचा आणि माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही राज्ये नारूग्रस्त होती. त्यावर ना लस निघाली, ना नेमके औषध. नारू गेला तो पायऱ्या बंद करून, कठडा बांधून, रहाट बसवून, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून आणि विहिरीत किडे मारणारे औषध टाकून. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. म्हणजे नारू घालवायला त्या “अमृता”च्या विहिरींची रचनाच बदलावी लागली.

तांब्याच्या घागरीत पाणी आपोआप शुद्ध होते, हा दावा निम्मा खरा आहे. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यातले हगवणीचे बरेच जंतू मरतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र भांड्याला आतून कल्हई असेल तर पाण्याला तांबे लागतच नाही. आणि सकाळी त्यात कोणी बोटे बुडवून तांब्या भरला, की रात्रीची मेहनत वाया.

“संडास बाहेर, म्हणून घर स्वच्छ, मैल्याचे सोने व्हायचे.” घर स्वच्छ कोणाच्या जिवावर राहायचे, हे मजकुरात लिहिलेले नाही. मागच्या बोळातून लहानशी झडप उघडून मैल्याची पाटी ओढायची, ती डोक्यावर घ्यायची, पावसात ती अंगावर गळायची. हे काम जातीने ठरलेल्या माणसांवर, त्यातही बायकांवर लादलेले होते. बेळगाव मुंबई राज्यात असतानाच, १९४९ साली, त्या सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ साली आला. पुढे सत्तरच्या दशकात मंत्री बसवलिंगप्पा यांनी कर्नाटकात डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदी आणली. हा काळ कोणी “शुद्ध” म्हणून मिरवतो, तेव्हा मनापासून वाईट वाटते.

सोनखत होते हे खरे, पण ते शिजवावे लागते. सुमारे तीन फूट खोल चर खणायचा. तळाला १५ सेंटीमीटर कचरा, त्यावर ५ सेंटीमीटर मैला, पुन्हा कचरा, पुन्हा मैला, असे जमिनीच्या फूटभर वर येईपर्यंत. शेवटचा थर कचऱ्याचाच, तोही जाड, आणि वरून माती. आठवड्यात आतली धग ६० अंशांच्या पुढे जाते. त्या धगीत जंतू आणि जंतांची अंडी मरतात. चार ते सहा महिन्यांनी खत तयार होते. मैल्याचा थर जाड पडला की चर ओला आणि थंड राहतो, माश्या होतात आणि अंडी जिवंत राहतात. कच्चा मैला मुळा-कोथिंबिरीच्या वाफ्यात गेला तर जंत ताटात येतात. अंकुशकृमी हा जंत तर अनवाणी पायातूनच शिरतो आणि रक्त पितो.

“तेव्हाची माणसे नव्वद वर्षे जगायची.” जी जगली ती आपल्याला आठवतात. देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात १९३७ चा आकडा आहे: जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १६२ मुले वर्षाच्या आत दगावली. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. सगळेच सत्ताविसाव्या वर्षी मरत असा याचा अर्थ नव्हे; पाळण्यातच इतकी मुले जात की सरासरी तिथे घसरे. नव्वदीतल्या आजोबांना भावंडे किती झाली आणि वाढली किती, एवढे घरात विचारून पाहा.

देवी, म्हणजे अंगावर फोड आणणारा तो जीवघेणा रोग, कडुनिंबाच्या पाल्याने जायच्या, असेही त्या मजकुरात आहे. देवीची लस आपल्या बेळगावातच, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत तयार व्हायची. वासराच्या कातडीवर ओरखडे काढून लस लावायची, फोड भरले की खरवडून ग्लिसरीनमध्ये घोटायची. ही पातळ लस उन्हाळ्यात लवकर मरे. म्हणून पुढे सुकवलेली लस आली आणि ती बनवणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत बेळगाव होते. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडलेला नाही.

राहिले क्लोरीन. वास येतो म्हणून ते विष ठरत नाही. भांडे तासभर उघडे ठेवले की वास बराच उतरतो. गढूळ, पालापाचोळ्याच्या पाण्यात क्लोरीन घातले तर काही नकोशी द्रव्ये तयार होतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच पाणी आधी गाळतात, मग औषध घालतात.

आड वापरायचाच असेल तर मोजून वापरा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळे मीटरमध्ये. उत्तर लिटरमध्ये येते. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे इथे ७० ग्रॅम. उघड्या पोत्यातली जुनी पावडर घेऊ नका, तिचा जोर उडालेला असतो. बादलीत थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, पाऊण बादली पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटे थांबा. चुना तळाशी बसेल. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता. चुना आडात टाकू नका, पाणी जड होते. ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा, म्हणजे औषध तळापर्यंत पोचेल. तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे. कमी भरले तर मात्रा वाढवा. हे सगळे रात्री, पाणी भरणे संपल्यावर करा आणि पहिली कळशी पहाटे ओढा.