पेनांगला आम्ही बसमध्ये चढलो नाही

क्रूझहून आल्यापासून सगळे एकच विचारतायत, बोट कशी होती? बोट छानच होती. पण मला लिहायचंय ते बंदरांबद्दल, कारण तिथे आपण चुकतो असं मला मनापासून वाटतं.

सिंगापूर, मलेशियातली पोर्ट क्लांग आणि पेनांग ही बंदरं, थायलंडमधलं फुकेत आणि परत सिंगापूर अशी आमची फेरी. मी आणि आई. आईचं वय शहात्तर, माहेर हर्णैजवळचं.

पोर्ट क्लांगला सगळे करतात तेच आम्ही केलं. बोटीवरूनच सहल बुक केली आणि क्वालालंपूरला गेलो. जायला दीड तास, यायला त्याहून जास्त. बटू केव्हज या गुहेतल्या मुरुगनाच्या, म्हणजे कार्तिकेयाच्या, देवळाला २७२ पायऱ्या आहेत. आईचे गुडघे बघून आम्ही खालीच थांबलो, मुरुगनाच्या त्या प्रचंड सोनेरी मूर्तीला हात जोडले. पेट्रोनास टॉवर्ससमोर वीस मिनिटं मिळाली. गाइड घड्याळ दाखवत होता, लोक फोटोसाठी पळत होते. परत आल्यावर आई पाय चोळत बसली आणि म्हणाली, "अगं, आज आपण नेमकं बघितलं काय?" मला उत्तर देता येईना. एवढे पैसे भरून मी तिला दिवसभर बसमध्ये बसवलं होतं, त्याचं फार वाईट वाटलं.

पेनांगला मी ठरवलं, बस नाही, टॅक्सी नाही. बोट लागते तो स्वेटनहॅम धक्का जॉर्जटाउनच्या अगदी कुशीत आहे. जुनं शहर, २००८ पासून जागतिक वारसा यादीत. धक्क्यातून बाहेर पडलं की चालत सुटायचं. आम्ही तेच केलं, आईच्या चालीने, सावली दिसली की थांबत.

चीनी लोकांचं क्वान यिन देवीचं देऊळ, १८३३ सालचं महामारियम्मन मंदिर, हिंदुस्थानी मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये उभी केलेली कपितान केलिंग मशीद, सगळं हाकेच्या अंतरावर. मंदिराशेजारी मोगऱ्याचा गजरा मिळाला. आईने तो तिथेच माळला आणि तिचा चेहरा एकदम खुलला.

जेवायला आम्ही बोटीवर परत गेलो नाही. नासी कंदार खाल्लं, मी मटणाचं, आईने भाजीचं. पूर्वी तमिळ मुसलमान फेरीवाले भात आणि कालवणं कावडीवर घेऊन बंदरातल्या हमालांना विकायचे, त्यावरून हे नाव पडलं: मलय भाषेत नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे कावड. बोटीवरचं जेवण तिकिटातच असतं, म्हणून बहुतेक जण दुपारी परत फिरतात. गावाच्या वाट्याला नुसती गर्दी येते. हे मला पटत नाही. ज्याच्या दारात आपण उतरतो, त्याच्याकडे निदान एक वेळ जेवावं.

मग च्यू जेटी. समुद्रात खांब रोवून त्यावर बांधलेली लाकडी घरं, च्यू आडनावाच्या कुळाची. लोक अजून राहतात तिथे. एका दारात एक आजीबाई सुपासारख्या टोपलीत सुकवलेली कोळंबी निवडत बसल्या होत्या. वास आला तशी आई थबकली. "सोडे," ती म्हणाली आणि सरळ त्यांच्यासमोर वाकून बसली. एकीला मराठी, दुसरीला चीनी. आईने एक कोळंबी उचलून नखाने शेपटाकडचा उरलेला कवचाचा तुकडा काढून दाखवला. आजीबाई हसल्या, त्यांनी दुसरी उचलून तसंच केलं. पाच-सात मिनिटं दोघी निवडत बसल्या. मी फोटो काढला नाही. तिथे लोक घराघरात मोबाइल घुसवत होते आणि दारांवर फोटो काढू नका अशा पाट्या होत्या. त्या पाट्यांचा मान ठेवायलाच हवा.

या रस्त्यांवरून चालताना आणखी एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. इंग्रजांनी मुंबई, मद्रास आणि बंगाल इलाख्यांतून काळ्या पाण्यावर पाठवलेले कैदी पेनांग आणि सिंगापूरला आणले होते. रस्ते बांधले ते त्यांनीच. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथीड्रलही त्यांच्याच हातचं, १८६१ मध्ये तिथे पहिली प्रार्थना झाली. विमानाला वेळ होता म्हणून परतताना ते बघायला गेलो. आईने भिंतीला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

फुकेतला बोट पातोंगसमोर खोल पाण्यात नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. (तिथलं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे. परतीची वेळ कुठल्या घड्याळाची, ते उतरतानाच विचारून घ्या.) होडी हलत होती, मला आईची काळजी वाटत होती. पण खलाशाने हात पुढे केला तसा तिने तो मनगटाशी घट्ट धरला, लाट होडीला वर घेईपर्यंत थांबली आणि नेमक्या क्षणी पाय टाकला. बसल्यावर म्हणाली, "हर्णैला असंच उतरायचो. कोकणबोट लांब उभी राहायची, मग पडाव. बाबा सांगायचे, लाट वर आली की पाय टाक."

आजोबांचं हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. पुढे किनारा येईपर्यंत ती बोलत होती, भाऊच्या धक्क्यावरच्या ट्रंकांबद्दल, बोट लागून ओकणाऱ्या धाकट्या भावाबद्दल, पडावातून खांद्यावर घेऊन उतरवणाऱ्या माणसांबद्दल.

पुढच्या महिन्यात मावशी आणि काका याच फेरीवर निघालेत. त्यांना मी पोर्ट क्लांगची सहल रद्द करायला लावली आहे आणि पेनांगसाठी चालायच्या चपला घ्यायला सांगितल्या आहेत. तुमच्या घरी कुणाला कोकणबोटीच्या, पडावाच्या आठवणी असतील तर खाली जरूर लिहा. मी आईला वाचून दाखवणार आहे.