खुलासा : बोटीचं वजन वाढवल्याने वॉटर स्कीइंगची लाट सुधारत नाही

‘बोटीत पाण्याच्या पिशव्या भरा, वजन जितकं जास्त तितकी स्कीइंगला लाट चांगली’ असा मेसेज फिरतोय. वॉटर स्कीइंग म्हणजे बोटीमागे दोरी धरून स्कीवर पाण्यावरून जाणं, आणि लाट म्हणजे बोटीच्या मागे उठणारी लाट. यात दोन वेगळ्या खेळांची गल्लत झाली आहे.

स्लालम स्कीला (एका स्कीवर, तरंगत्या खुणांना वळसे घालत जाणं) लाट बुटकी आणि मऊ लागते. म्हणून त्या बोटी हलक्या, मागे जवळजवळ सपाट तळाच्या आणि इंजिन मधोमध असलेल्या असतात. स्पर्धेत ताशी 55 ते 58 किलोमीटर वेगाने त्या पाण्यावरून सरकतात. वेकबोर्डला (दोन्ही पाय एकाच फळीवर अडकवून बोटीमागे जाणं) उडीसाठी उंच लाट हवी, म्हणून तिथे वेग ताशी 35च्या आसपास आणि वजन मुद्दाम वाढवलेलं. बोट खोल बसली की जास्त पाणी बाजूला ढकललं जातं, लाट मोठी होते.

मी स्वतः स्लालम बोटीत मागे दोन पिशव्या भरून पाहिल्या. लाट ओलांडताना स्की एवढी आपटली की गुडघे कळवळले.

आणखी एक, 400 लिटर पाणी म्हणजे 400 किलो, पाच-सहा माणसांचं वजन. बोटीवरच्या क्षमतेच्या पाटीत तेही धरायचं. सगळं मागे ठेवलं तर नाक वर उठून चालकाला पुढचं दिसत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका.