सलाईन लावा की ओ डॉक्टर!

शहापुरातल्या माझ्या दवाखान्यात काकू ह्या आठवड्यात चौथ्यांदा आल्या. बीपी १२०/८०, परवाही तेवढंच. सांगितलं तर चेहरा असा पडला, जणू मी त्यांना नापास केलं! मग पदराच्या गाठीतनं चिठ्ठी निघाली, शेजारणीच्या गोळ्यांची. "मलाबी ह्याच द्या की ओ." अहो, साधी सर्दी ही, विषाणूची, अँटिबायोटिकनं जात नाही, आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. हे सांगून सांगून घसा माझाच बसलाय. "मग सलाईन तरी लावा, ताकद येते." ५०० मिलीच्या त्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी! घरी पेज प्या की. बाहेर खानापूरहून तापलेलं पोर घेऊन आलेली बाई तासभर ताटकळतीये, आणि ह्या उठता उठता विचारतात, "उद्या सकाळी येऊ की संध्याकाळी?"